ऐकू येतंय, पण कळत नाही



नवविधा भक्तीत पहिली भक्ती श्रवणाची. दासबोधाचा चौथा दशकही तिथूनच सुरू होतो. कीर्तन, नामस्मरण, पादसेवन हे सगळे त्यानंतर. मंदिराच्या अंकासाठी आरोग्यावर काही लिहा असे विश्वस्तांनी सांगितले, तेव्हा मधुमेह, गुडघे आणि रक्तदाब हे नेहमीचे विषय बाजूला ठेवून कानांविषयी लिहायचे ठरवले, त्याचे एक कारण हे. दुसरे कारण म्हणजे आपल्याच हॉलमध्ये घडलेला एक प्रसंग. ज्या आजींच्या बाबतीत तो घडला त्यांनी तो लिहायला मला परवानगी दिली आहे. नाव देत नाही.

आरतीनंतर महाप्रसादाची पंगत बसली होती. आपला हॉल तुम्हाला ठाऊक आहेच. उंच छत, उघड्या भिंती, स्टीलच्या ताटांचा आवाज, वाढणाऱ्यांची लगबग आणि मुलांची पळापळ. आजींच्या शेजारी बसलेल्या बाईंनी हळू आवाजात सांगितले, "परवा पुण्याला आमचे दादा वारले." आजींच्या कानावर पडले ते "दादा आले". त्या मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, "अरे वा! छान झालं! आता किती दिवस मुक्काम?"

शेजारच्या बाई ताट तसेच ठेवून उठून गेल्या. काय झाले ते आजींना संध्याकाळी सुनेकडून कळले. त्यांनी फोन करून माफी मागितली, त्या बाईंनीही मोठ्या मनाने ती मान्य केली. पण त्या दिवसानंतर आजी सात-आठ महिने मंदिरात आल्या नाहीत. घरच्यांना वाटले, गुडघे दुखत असतील, थंडी सोसत नसेल. मग मुलाचा मला फोन आला. "डॉक्टरकाका, आई हल्ली गप्प गप्प असते. विचारलं एक की उत्तर देते भलतंच. डिमेन्शियाची सुरुवात तर नाही ना?"

मी घरी गेलो. टीव्ही बंद करायला सांगितला, आजींच्या अगदी समोर खुर्ची घेऊन बसलो आणि सावकाश बोललो. १९७४ साली एका सुटकेसवर त्या या देशात आल्या, तेव्हा विमानतळावर कोण घ्यायला आले होते, पहिल्या घराचे भाडे किती होते, घरमालकीण फोडणीच्या वासावरून काय बोलली होती, सगळे त्यांनी सांगितले. स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली निघाली. कमी झाले होते ते ऐकणे, आणि तेही इतक्या हळूहळू की त्यांना स्वतःला पत्ता नव्हता. परत येताना गाडीत मला माझेच काही जुने रुग्ण आठवले. जीपी म्हणून काम करताना कितीतरी वृद्ध माणसे माझ्यासमोर बसून "येस डॉक्टर, येस डॉक्टर" करत मान हलवून गेली असतील. त्यांतल्या किती जणांना मी काय म्हणालो ते खरोखर कळले होते, याचा हिशेब आता लागणार नाही.

आपल्याला स्वतःला का कळत नाही

वयोमानाने ऐकू कमी येणे म्हणजे रेडिओचा आवाज कमी करण्यासारखे असते, असा बहुतेकांचा समज असतो. तसे असते तर ते लगेच लक्षात आले असते. प्रत्यक्षात बिघडतो तो स्पष्टपणा.

कानाच्या आत शंखाच्या आकाराची एक बारीक नळी असते. तिच्यात अतिशय नाजूक केसांसारख्या टोकांच्या पेशी असतात, प्रत्येक कानात सुमारे १५ हजार. आवाजाच्या कंपनांचे संदेशात रूपांतर करून तो मेंदूकडे पाठवायचे काम या पेशी करतात. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे आवाज टिपतात आणि आतल्या टोकाच्या खालच्या पट्टीचे. वयाबरोबर तोंडाशी असलेल्या पेशी आधी झिजतात, दारातली सतरंजी आतल्या सतरंजीपेक्षा लवकर विरते तशा. माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

आता याचा बोलण्याशी संबंध पाहा. आ, ई, ऊ, ओ हे स्वर मुख्यतः खालच्या पट्टीत असतात आणि त्यांना जोर असतो. स, श, च, ट, त, थ, फ यांसारख्या व्यंजनांचा आवाज बारीक आणि उंच पट्टीतला. 'स'चा तर बराचसा भाग ४ हजार हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या वर असतो. आवाज येतो तो स्वरांमुळे, पण शब्द कळतो तो व्यंजनांमुळे. म्हणून "चहा" म्हटले की "सहा" ऐकू येते, "सात"चे "आठ" होतात, "हात", "भात" आणि "रात" एकसारखे वाटतात. माणूस प्रामाणिकपणे म्हणतो, "मला ऐकू येतं हो, तुम्हीच नीट बोलत नाही." खोटे नाही ते. त्याला आवाज येतोच आहे.

त्यातून आपला मेंदू मोठा हुशार. अर्धवट आलेले शब्द तो संदर्भावरून पुरे करतो. ताटावर बसल्यावर "...ात वाढू?" एवढेच ऐकू आले तरी तो 'भात' समजतो. समोरच्याचे ओठ पाहून आपण पुष्कळसे समजून घेत असतो, हेही आपल्या लक्षात नसते. २०२० साली सगळ्यांनी मास्क लावले तेव्हा कित्येकांना अचानक जाणवले की आपल्याला कमी ऐकू येते. कान एका आठवड्यात बिघडले नव्हते, ओठ दिसेनासे झाले होते. त्यांतलाच एक मी. ३० वर्षे दुसऱ्यांचे कान तपासणाऱ्या माझ्या हे ध्यानात आले ते माझ्या बायकोने दुकानात तिसऱ्यांदा माझ्या वतीने उत्तर दिले तेव्हा. त्यानंतरही तपासणीला जायला मी तीन वर्षे लावली. तेव्हा तुम्हाला उपदेश करण्याचा मला फारसा अधिकार नाही, एवढे मान्य करून पुढे लिहितो.

आधी इंग्रजी जाते, मग नातवंडे

आपल्यासारख्या परदेशात राहणाऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट निराळी घडते, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मेंदू गाळलेल्या जागा भरतो खरा, पण मातृभाषेत तो जितक्या सहज भरतो तितक्या सहज दुसऱ्या भाषेत भरत नाही. त्यामुळे कान थोडे कमी झाले की मराठी बराच काळ ठीक चालते आणि इंग्रजी मात्र अडू लागते. बँकेतला फोन, बसचालकाचा प्रश्न, दवाखान्यात पुकारलेले नाव, काहीच धड कळत नाही. माणूस स्वतःची समजूत घालतो की या लोकांचे उच्चारच तसे, आजकालची तरुण पोरे फार भरभर बोलतात. ४० वर्षे याच देशात नोकरी केली, तेव्हा हे उच्चार कळत होते, आताच का कळेनासे झाले, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

मुलांचे आवाज मुळातच उंच पट्टीचे. त्यात नातवंडे बोलतात इंग्रजीत, भरभर, आणि दुसऱ्या खोलीत पळता पळता. म्हणजे तिन्ही अडचणी एकाच ठिकाणी. आजीला नातीचे बोलणे कळत नाही, म्हणून ती नुसती हसते. नात दोनदा-तीनदा सांगून पाहते आणि मग सांगणे सोडते. घरच्यांना वाटते, भाषेमुळे अंतर पडले. मला अशा काही घरांत आढळले की भाषेचा दोष निम्मासुद्धा नव्हता.

कामाच्या ठिकाणी किंवा दवाखान्यात याचा धोकाही असतो. इंग्रजीत १५ आणि ५० हे आकडे उच्चारात किती जवळचे आहेत पाहा. फोनवर औषधाचा डोस "फिफ्टीन" सांगितला की "फिफ्टी", यात चूक झाली तर ती साधी चूक नव्हे. कान कमी झाले असोत वा नसोत, औषधाचा आकडा नेहमी कागदावर लिहून मागावा.

घरात काय दिसते

आपल्या घरात कोणाचे कान हळूहळू कमी होत आहेत का, हे ओळखायला यंत्र लागत नाही. टीव्हीचा आवाज इतरांना मोठा वाटू लागतो. दोघांत बोलणे ठीक चालते, पण चार माणसे जमली की एखादी व्यक्ती मागे सरकते. दाराची घंटा किंवा मायक्रोवेव्हची शिट्टी ऐकू येत नाही. फोन नेहमी एकाच कानाला लावला जातो, किंवा "घ्या, तुम्हीच बोला" म्हणून पुढे केला जातो. संध्याकाळी विलक्षण थकवा येतो, कारण दिवसभर शब्दांचे तुकडे जुळवणे ही मेहनतच आहे. काही जण गप्प होतात. काही जण उलट अखंड बोलत राहतात. आपणच बोलत असलो म्हणजे दुसऱ्याचे ऐकावे लागत नाही! आपल्या ओळखीचे असे एखादे काका तुम्हाला आठवले असतील तर त्यांच्यावर रागावण्याआधी त्यांचे कान तपासून घ्या.

ज्यांना पूर्वी क्षयरोगासाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने दिली गेली, ज्यांनी कापडगिरणीत, फाउंड्रीत किंवा छापखान्यात वर्षे काढली, ज्यांना दीर्घकाळ मधुमेह आहे, त्यांनी अधिक जागरूक राहावे. आणि जाता जाता आपल्या ढोल-ताशा पथकातल्या तरुणांना एक विनंती: कानात इअरप्लग घाला. गणपतीबाप्पा रागावणार नाहीत.

"जाऊ दे, काही नाही"

आजींना मी विचारले होते, सगळ्यांत वाईट कशाचे वाटते? मला वाटले, त्या दिवसाच्या प्रसंगाचे नाव घेतील. त्या म्हणाल्या, "सगळे हसतात. मी विचारते, काय झालं? तर म्हणतात, जाऊ दे आई, काही नाही, विशेष काही नव्हतं."

हे वाक्य आपण सगळेच वाईट हेतू न ठेवता म्हणतो. दोनदा सांगून कंटाळा आलेला असतो, विनोद छोटा असतो, तो पुन्हा सांगण्यात गंमत उरत नाही. पण ऐकणाऱ्याला त्यातून एवढेच कळते की तुला सांगण्याइतके हे महत्त्वाचे नाही, किंवा तू महत्त्वाची नाहीस. दिवसातून पाच वेळा "जाऊ दे" ऐकले की माणूस विचारणेच बंद करतो. मग तो "अलिप्त झाला", "विरक्त झाला" असे आपण म्हणतो. घरातून "जाऊ दे" एवढे दोन शब्द काढून टाकले तर निम्मे काम यंत्राशिवाय होईल, हे मी कोणत्याही पुस्तकाचा हवाला न देता, माझ्या अनुभवावरून सांगतो.

मग बोलावे कसे? पहिली गोष्ट, ओरडू नये. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने होत नाहीत, आणि चेहरा मात्र रागावलेला दिसतो. शिवाय झिजलेल्या कानाचा एक विचित्र गुण असतो: हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज एकदम टोचतो. म्हणून आजोबा आधी म्हणतात "काय?" आणि मग म्हणतात "ओरडतोस कशाला?" दोन्ही खरे असते. थोडा सावकाश, नेहमीपेक्षा किंचित मोठा आणि एकसारखा आवाज पुरतो.

स्वयंपाकघरातून, पाठमोरे, नळ चालू ठेवून विचारलेला प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही. जवळ जावे, हाक मारावी किंवा हाताला स्पर्श करावा, त्यांनी आपल्याकडे पाहिले की मग बोलावे. आपल्या तोंडावर उजेड असावा. खिडकीकडे पाठ करून बसलो तर त्यांना आपली नुसती काळी आकृती दिसते. तोंडात घास, हनुवटीवर हात, हे टाळावे. विषय आधी सांगावा: "आई, शनिवारच्या लग्नाबद्दल बोलतोय", आणि मग बाकीचे. संदर्भ मिळाला की मेंदू जागा भरू शकतो. एखादे वाक्य दोनदा सांगूनही कळले नाही, तर तिसऱ्यांदा तेच न म्हणता शब्द बदलावेत. "चहा घेणार का?" जमले नाही तर "गरम प्यायला काही आणू का?" पंगतीत किंवा पार्टीत ज्यांना कमी ऐकू येते त्यांना भिंतीकडे पाठ करून, लाउडस्पीकरपासून लांब बसवावे, आणि एका वेळी एकानेच बोलावे. मराठी घरात हे शेवटचे कठीण आहे, याची मला कल्पना आहे.

ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यावरही थोडी जबाबदारी आहे. न कळता मान हलवू नये. नुसते "काय?" म्हणू नये, समोरच्याला सगळे पहिल्यापासून सांगावे लागते आणि तो वैतागतो. जेवढे चुकले तेवढेच विचारावे. "शनिवारी कळलं, किती वाजता म्हणालास?" किंवा ऐकलेले परत म्हणून दाखवावे. "म्हणजे सात वाजता, हॉलवर, बरोबर?" आणि परक्या माणसाला सुरुवातीलाच सांगावे, "मला थोडे कमी ऐकू येते, कृपया माझ्याकडे पाहून बोला." असे सांगितल्यावर कोणी हसल्याचे मला तरी आठवत नाही. चष्मा लावताना आपण लाजत नाही, आणि 'बहिरा' हा शब्द मात्र शिवीसारखा वापरतो. आपल्या विनोदी नाटकांनीही बहिऱ्या आजोबांवर बरेच हशे वसूल केले आहेत. तेव्हा लाज वाटणे समजू शकते, पण तिच्यापायी माणसे तुटतात.

तपासणी आणि यंत्र

आपल्या जीपीकडे जाऊन ऐकू कमी येते असे स्पष्ट सांगावे. "वय झाले, चालायचेच" असे उत्तर मिळाले तर नम्रपणे तपासणीचा आग्रह धरावा. काही भागांत ऑडिओलॉजी विभागाकडे थेट नाव नोंदवता येते, रिसेप्शनवर विचारावे. आधी कानात मळ साचला आहे का ते पाहतात, कारण कधी कधी तेवढेच कारण असते. मळ मऊ करायला साध्या तापमानाचे ऑलिव्ह तेल, दोन-तीन थेंब, दिवसातून तीन-चार वेळा, असे तीन ते पाच दिवस घालतात. पडद्याला भोक असेल तर तेही नाही. कापसाच्या काड्या, केसातली पिन, इअर कँडल आणि लसूण घालून तापवलेले तेल यांना कानापासून लांब ठेवा. शेवटचा उपाय माझ्याही आजीचा होता. मला तिच्याबद्दल आदर आहे, उपायाबद्दल नाही.

मुख्य तपासणी अगदी सोपी असते. शांत खोलीत हेडफोन लावून बसायचे आणि बारीक "टूं" आवाज आला की बटण दाबायचे. त्यात इंग्रजीचा प्रश्न येत नाही. बाकीच्या बोलण्यासाठी हवा असल्यास मराठी दुभाषा एनएचएसकडून मागता येतो, भेटीची वेळ ठरवतानाच तसे सांगावे. निकालाचा आलेख मिळतो. २० डेसिबलपर्यंतचे आवाज ऐकू आले तर ठीक, २१ ते ४० म्हणजे सौम्य, ४१ ते ७० मध्यम, ७१ ते ९५ तीव्र, आणि त्यापुढे अतितीव्र दोष. 'सौम्य' या शब्दाने फसू नका, आपल्या हॉलसारख्या गोंगाटात सौम्य दोषही पुरेसा त्रास देतो.

एनएचएसची श्रवणयंत्रे मोफत मिळतात. ती आपल्याला वापरायला दिलेली असतात, दुरुस्ती आणि बॅटऱ्याही विनामूल्य. २०१८ च्या नाइस संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन्ही कान कमी असतील तर दोन यंत्रे द्यावीत. "एकच पुरे" असे आपणहून म्हणू नका. आवाज कोणत्या दिशेने आला हे कळायला दोन कान लागतात. ही यंत्रे आता पूर्वीसारखी मोठी आणि गुलाबी राहिलेली नाहीत. कानामागे बसतात, पारदर्शक बारीक नळी आत जाते. माझी दोन्ही यंत्रे गेल्या वर्षभरात मंदिरात किती जणांनी पाहिली, विचारून बघा. खाजगी दुकानात हजारो पौंड मोजण्याआधी एनएचएसचे यंत्र वापरून पाहावे, असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या मंडळींत फार दिसते. भारतात तीन आठवड्यांच्या मुक्कामात पुण्या-मुंबईला यंत्र घेतात. तिथले तज्ज्ञ उत्तम आहेत, प्रश्न त्यांचा नाही. यंत्र लावल्यावर पुढचे काही आठवडे ते पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावे लागते, आणि तोवर आपण विमानात बसून परत आलेले असतो. भारतात घेतलेले यंत्र इथले एनएचएस जुळवून देईल अशी अपेक्षा ठेवू नये. जाहिरातीत दिसणारी, पोस्टाने येणारी स्वस्त यंत्रे तर सगळाच आवाज सरसकट मोठा करतात, ताटांचा आणि शब्दांचा सारखाच.

यंत्राने कान पुन्हा विशीतले होत नाहीत, हे आधीच सांगतो. पहिले काही दिवस स्वतःची पावले, कागदाची सळसळ आणि फ्रिजची घरघर ऐकून माणूस हैराण होतो, आणि यंत्र ड्रॉवरमध्ये जाते. मेंदूला वर्षानुवर्षे न ऐकलेले आवाज पुन्हा ओळखायचे असतात, त्याला वेळ द्यावा. पहिल्या आठवड्यात शांत घरात एका माणसाशी बोलताना, मग टीव्हीसमोर, आणि शेवटी महाप्रसादाला, असा क्रम ठेवावा. आजींनी पहिल्याच दिवशी लग्नात यंत्र लावले आणि दुसऱ्या दिवशी काढून ठेवले. दुसऱ्यांदा मात्र सुनेबरोबर रोज अर्धा तास वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचा नेम केला, सून वाचणार आणि आजी ऐकणार. सहा आठवड्यांनी पुन्हा जाऊन यंत्र जुळवून घेतले. बॅटरीवरचा चिकट कागद काढला की मिनिटभर थांबून मग ती आत घालावी, हवा लागली की ती चालू होते. ही युक्ती कळेपर्यंत त्यांनी निम्म्या बॅटऱ्या "खराब" म्हणून टाकल्या होत्या. बॅटऱ्या नातवंडांच्या हाती लागू देऊ नका, गिळल्यास जिवावर बेतू शकते.

डिमेन्शियाविषयी नेहमी विचारले जाते, म्हणून जेवढे ठाऊक आहे तेवढेच लिहितो. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाच्या अहवालात डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, पण बदलता येण्याजोग्या १४ गोष्टी दिल्या आहेत, त्यांत कमी ऐकू येणे आहे. २०२३ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत ७० ते ८४ वयाच्या लोकांना यंत्रे देऊन तीन वर्षे पाहिले. सर्वांचा एकत्र हिशेब केला तर बुद्धीच्या ऱ्हासात फरक दिसला नाही. ज्यांना मुळात धोका जास्त होता त्यांच्यात मात्र तो वेग जवळजवळ निम्म्याने कमी झाला. तेव्हा "यंत्र लावा, डिमेन्शिया टळेल" असे कोणी विकत असेल तर ते खरे नाही. यंत्र लावायचे ते शेजारी बसलेल्या माणसाचे दुःख कळावे म्हणून, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

एक गोष्ट मात्र हळूहळूच्या यादीत बसत नाही. एका किंवा दोन्ही कानांनी अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येईनासे झाले, तर ती तातडीची बाब आहे. त्याच दिवशी जीपीला किंवा १११ ला फोन करावा. उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोग होण्याची शक्यता असते, सर्दी आहे म्हणून वाट पाहू नये. त्याबरोबर चेहरा वाकडा झाला, हातपाय लुळे पडले तर सरळ ९९९. एकाच कानाने कमी ऐकू येत असेल, एकाच कानात सतत आवाज येत असेल, कानातून पू किंवा रक्त येत असेल, तर तेही डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

ज्यांना फोनवर बोलणे जमत नाही त्यांनी मोबाइलवरून ९९९ ला 'रजिस्टर' असा इंग्रजी संदेश पाठवून नाव नोंदवून ठेवावे, म्हणजे संकटात संदेशाने मदत मागता येते. ही नोंदणी आजच करावी, वेळ आल्यावर नाही. रिले यूके सेवेत नंबराआधी १८००१ लावले की समोरच्याचे बोलणे लिहून दाखवले जाते. रात्री यंत्र काढल्यावर धुराचा अलार्म ऐकू येत नसेल तर उशीखाली ठेवायचा, थरथरणारा अलार्म मिळतो. स्थानिक अग्निशमन दलाकडे किंवा कौन्सिलकडे चौकशी करावी. ही कामे मुलांनी एका शनिवारी बसून करून द्यावीत.

आपल्या मंदिरात

कीर्तनाच्या वेळी "मागे ऐकू येत नाही" अशी तक्रार आली की आपण माइकचा आवाज वाढवतो. वर सांगितल्याप्रमाणे त्याचा उपयोग कमी आणि त्रास जास्त. आवाजाबरोबर घुमणेही वाढते. त्याला चांगला उपाय म्हणजे इंडक्शन लूप. हॉलभोवती एक तार फिरवून ती माइकच्या यंत्रणेला जोडतात. ज्यांच्या श्रवणयंत्रात 'टी' ही सोय चालू आहे त्यांना बुवांचा आवाज थेट कानात येतो, मधला गोंगाट वगळून. बँकेत, चर्चमध्ये कानाचे चित्र असलेली निळी पाटी तुम्ही पाहिली असेल, ती याचीच. 'टी' चालू नसेल तर ऑडिओलॉजीत सांगून करून घ्यावी.

विश्वस्तांनी हॉलमध्ये लूप बसवण्यासाठी वेगळा निधी सुरू केला आहे. देणगीच्या पाकिटावर 'श्रवण निधी' असे लिहावे. आयकर भरणाऱ्यांनी गिफ्ट एडच्या चौकटीत खूण केली तर तुमच्या प्रत्येक पौंडामागे सरकारकडून २५ पेन्स मंदिराला मिळतात. ज्यांना पैसे देणे शक्य नाही त्यांनी वेळ द्यावा: तपासणीसाठी रुग्णालयात सोबत जायला मराठी बोलणारे, गाडी चालवणारे आठ-दहा स्वयंसेवक हवे आहेत. महाप्रसादाच्या वेळी मागच्या लहान खोलीत गालिचा घालून एक शांत पंगतही सुरू केली आहे. तिथे एका वेळी एकानेच बोलायचे असा नियम आहे आणि तो दर वेळी मोडतो, पण ताटांचा आवाज तरी येत नाही.

आजी आता त्या खोलीत बसतात. ज्या बाईंचे दादा गेले, त्यांनी पहिल्या दिवशी आपणहून त्यांच्याशेजारी पाट मांडला.

पुढच्या महिन्यापासून पहिल्या रविवारी आरतीनंतर मी त्याच खोलीत तासभर असेन. मी तपासणी करणार नाही, औषध देणार नाही; नळी बदलणे, बॅटरी घालणे, यंत्र साफ करणे आणि जीपीला पाठवायचे पत्र लिहिणे एवढी मदत करीन. येताना ड्रॉवरमध्ये पडलेले यंत्र डबीसह घेऊन या, आणि घरातले एक माणूसही बरोबर आणा.